कौशल्याचा खेळ आणि मधेच लॉटरी

मंडळी, पोस्ट लांब आहे आणि व्हिडिओ गेमबद्दल आहे. ज्यांना हे पोरांचे चाळे वाटतात त्यांनीही जरा थांबा, कारण सुरुवात संसदेपासून आहे.

२०२५ च्या ऑगस्टमध्ये ऑनलाइन गेमिंगचा कायदा झाला आणि पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदी आली. त्याआधी कित्येक वर्षं कोर्टांत एकच वाद फिरत होता: हा खेळ कौशल्याचा की नशिबाचा? १९६८ मध्ये सुप्रीम कोर्टाने रमी हा मुख्यतः कौशल्याचा खेळ आहे असं म्हटलं, आणि पुढे रमीच्या ॲपवाल्यांनी तोच निकाल ढालीसारखा पुढे धरला. नव्या कायद्याने पैशांच्या खेळांपुरता हा वाद मिटवून टाकला. पैसे लावले की बंद, मग कौशल्य असो, नशीब असो, नाहीतर दोन्ही.

पैसे न लावता घरी बसून खेळायच्या गेमला हा कायदा हात लावत नाही, लावूही नये. पण तो जुना प्रश्न मला आवडतो. कोर्टातून बाहेर पडला म्हणून तो निकालात निघाला असं नाही. आज तोच प्रश्न मी एका अशा खेळाला विचारणार आहे जो मी गेली काही वर्षं सोडून-सोडून खेळतोय, ज्याचा मी चाहता आहे, आणि ज्याच्यावर माझा राग पण आहे. नाव 'निओह'. जपानच्या टीम निन्जा या स्टुडिओने केलेला, कोएई टेक्मो ही त्यांची कंपनी, फेब्रुवारी २०१७ मध्ये आला. सामुराईंच्या काळातला तलवारबाजीचा खेळ. अवघड म्हणजे किती अवघड, ते पुढे सांगतो. आणि हो, पाकिटावर १८ लिहिलंय ते उगाच नाही. लहान मुलांच्या हातात देऊ नका.

आधी चांगलं सांगतो, कारण चांगलं खरंच फार चांगलं आहे.

या खेळाचा जीव आहे तो 'दमा'त. तुम्ही तलवार चालवली, पळालात, वार अडवलात, की दम खर्च होतो. (खेळात याला 'की' म्हणतात, जपानी शब्द. मराठीत लिहिताना वाक्याचा पार घोटाळा होतो, म्हणून मी दमच म्हणणार.) दम संपला की तुम्ही धापा टाकत जागच्या जागी उभे, आणि समोरचा येऊन तुमचा निकाल लावतो. इथपर्यंत नवीन काही नाही, असे बरेच खेळ आहेत. निओहने केलेली गंमत पुढे आहे. वार करून झाला की क्षणभर तुमच्या अंगाभोवती निळसर कण गोळा होतात. बरोबर त्या क्षणी बटण दाबलं तर खर्च झालेला दम परत मिळतो. घाई केली तर थोडाच मिळतो, उशीर झाला तर गेला.

म्हणजे काय होतं बघा. वार करणं हे अर्धं काम. उरलेलं अर्धं काम म्हणजे वार झाल्यावर श्वास सावरणं. आणि हे तुम्हाला समोर राक्षस उभा असताना करायचंय, जेव्हा हात आपोआप पुढचा वार करायला धावतात. शिवाय तीन पवित्रे आहेत, वरचा, मधला, खालचा. वरच्यात वार जबर पण दम भसाभस जातो, खालच्यात वार हलका पण अंग चपळ, मधला बचावाला बरा. लढता लढता पवित्रा बदलायचा, श्वास सावरायचा आणि समोरच्याचाही दम मोजायचा, कारण त्यालाही दम आहे आणि त्याचाही संपतो. आखाड्यात उतरलेल्या कुठल्याही माणसाला विचारा, कुस्ती ताकदीने कमी आणि दमाने जास्त मारली जाते हे तो सांगेल. व्हिडिओ गेममध्ये ही गोष्ट इतक्या नेमकेपणाने बटणावर आणलेली मी दुसरीकडे पाहिली नाही.

जपानच्या भूमीवरच्या पहिल्याच मोहिमेच्या शेवटी, एका जहाजाच्या डेकवर, ओनऱ्योकी नावाचा राक्षस भेटतो. हातांना साखळीने बांधलेले दोन लोखंडी गोळे. पहिल्यांदा एका फटक्यात मेलो. दुसऱ्यांदा दोन फटक्यांत. मग तीन रात्री मी तिथेच होतो, रोज जेवणं उरकल्यावर तासभर. विसेक वेळा मेलो असेन. पण प्रत्येक मरणाचा हिशोब लागत होता. इथे लोभ केला, एक वार जास्त मारला. इथे दम न सावरता मागे पळालो. इथे गोळा येताना दिसत होता तरी उजवीकडे गेलो. ज्या रात्री तो पडला त्या रात्री माझ्या पात्राकडे काही जादूची तलवार आली नव्हती. मीच बदललो होतो. याला मी कौशल्याचा खेळ म्हणतो, आणि हा आनंद लहान नाही. चाळिशीतल्या माणसाला आपण अजून काहीतरी नवीन शिकू शकतो हे कळणं, तेही कोणी प्रमाणपत्र न देता, ही किती दुर्मिळ गोष्ट आहे ते चाळिशीतल्यांनाच विचारा.

अजून एक गोष्ट सांगितल्याशिवाय पुढे जाणं अन्याय होईल. वाटेत जागोजागी जमिनीत रोवलेल्या लाल तलवारी दिसतात. त्या म्हणजे जगभरातल्या इतर खेळाडूंच्या कबरी. जवळ गेलात की कोण मेला आणि कशाने मेला ते कळतं. एका वळणावर पाच-सात कबरी एकत्र दिसल्या की समजायचं, पुढे काहीतरी आहे. कड्याच्या टोकाशी दिसली की समजायचं, हा बिचारा पाय घसरून गेला. तुम्ही एकटेच खेळताय, रात्री घर झोपलंय, आणि तरी हजारो अनोळखी लोक तुम्हाला 'जपून रे बाबा' म्हणून सांगून गेलेत. हवं तर त्या मेलेल्या खेळाडूची छाया उभी करून तिच्याशी लढताही येतं. हा लहान मुद्दा नाही. अवघड खेळ माणसाला एकटं पाडतो, आणि या खेळाने त्यावर शोधलेला उपाय फार सभ्य आहे.

आता रागाचं.

या खेळात शत्रू मेला की सामान पडतं. तलवारी, भाले, चिलखतं, शिरस्त्राणं, हातमोजे, पायघोळ. थोडंथोडकं नाही, ढिगाने. यालाच सगळीकडे 'लूट' म्हणतात. (हा शब्द इंग्रजीने आपल्याकडूनच उचलला होता, आता गेममधून व्याजासकट परत आलाय.) प्रत्येक वस्तूला रंग आहे, साधी पांढरी, मग पिवळी, निळी, जांभळी. प्रत्येकीवर बारीक अक्षरात गुण लिहिलेले: अमुक प्रकारचा वार इतके टक्के जास्त, तमुक वेळी दम इतका कमी खर्च. कोणती वस्तू पडेल आणि तिच्यावर कोणते गुण असतील हे सगळं फाशांवर. अर्ध्या तासाच्या मोहिमेनंतर तुमच्या पोतडीत पन्नास-साठ नगांची भर पडलेली असते, आणि त्यातले पंचावन्न भंगार असतात. मग बसा तुलना करत. ही तलवार दोन आकड्यांनी वर, पण तिच्यावर तो गुण नाही. ते चिलखत भक्कम, पण अंगावर चढवलं की वजन वाढतं आणि दम भरभर जातो. मग नको असलेलं लोहाराकडे नेऊन विका, नाहीतर मोडीत काढा, नाहीतर देवळीत अर्पण करा. सुट्टीच्या दिवशी माळा आवरल्यासारखं वाटतं.

काही जण म्हणतील, यात एवढं काय, नको तर उचलू नकोस. तसं नाही. कारण हा नुसता पसारा असता तर मी कुरकुरून गप्प बसलो असतो. प्रश्न पसाऱ्याचा नाही. या लुटीने तो मगाचा हिशोबच बिघडतो.

पुढच्या एखाद्या बॉसशी तुम्ही अडकलात. चार-पाच वेळा हरलात. अशा वेळी दोन रस्ते असतात. एक, त्याच्या हालचाली शिकायच्या. दुसरा, मागे जाऊन जुन्या मोहिमा पुन्हा मारायच्या, पातळी वाढवायची, आणि फासे टाकत राहायचे की एखादी जांभळी तलवार पडते का. पडली, तुम्ही परत आलात, आणि बॉस दोन मिनिटांत आडवा. जिंकलं कोण? तुम्ही की तलवार? मला खरंच सांगता येत नाही, आणि नेमकी हीच गोष्ट मला डाचते. ओनऱ्योकीच्या वेळी माझ्या मनात अशी शंका नव्हती. खेळाच्या मध्यापर्यंत येताना ती प्रत्येक विजयाच्या मागे येऊन उभी राहते. कोर्टात जसं विचारायचे तसं कोणी विचारलं की हा खेळ कौशल्याचा की नशिबाचा, तर उत्तर द्यावं लागेल: लढाई कौशल्याची, आणि लढाईचं फळ लॉटरीचं.

माझा एक मित्र आहे, गिरणगावातला, माझ्याइतकाच या खेळात बुडालेला. तो माझ्याशी यावर भांडतो. त्याचं म्हणणं असं की दिवसभर काम करून आलेल्या माणसाने तासभर खेळायचं आणि हरूनच झोपायचं का? लूट म्हणजे निदान उत्तेजनार्थ बक्षीस. हरलास तरी हात रिकामे नाहीत. मुद्द्यात दम आहे हे मान्य. पण गोम तिथेच आहे ना. हरल्यावर हातात काहीतरी चमकदार ठेवलं की आपण का हरलो हा विचार मागे पडतो. पुढच्या वेळी नजर शत्रूच्या खांद्याकडे नसते, तो पडल्यावर जमिनीवर कोणता रंग चमकतो याकडे असते. आणि 'अजून एक डाव, कदाचित आता पडेल' ही ओढ कोणत्या दुकानातली आहे हे आपल्याला चांगलं माहीत आहे. निओह त्या ओढीसाठी तुमच्याकडून पैसे उकळत नाही, हे मोठं आहे आणि मी ते मोकळेपणाने लिहितो. एकदा विकत घेतला की यातली लूट तुम्ही खेळूनच मिळवता. पण तुमचा वेळ मात्र जातो. आणि ज्याच्याकडे दिवसाचा एकच तास मोकळा आहे त्याच्यासाठी तो तास पैशापेक्षा स्वस्त नसतो.

तुलनेसाठी सेकिरो घ्या. २०१९ चा, फ्रॉमसॉफ्टवेअर या दुसऱ्या जपानी स्टुडिओचा, त्याच युद्धखोर काळात घडणारा. तिथे सुरुवातीपासून शेवटपर्यंत तुमच्या कमरेला एकच तलवार. लुटीच्या तलवारी नाहीत, रंग नाहीत. जिंकलात तर तुम्हीच जिंकलात, शंकेला जागाच नाही. पण सेकिरो निर्दय आहे. अडकलात तर अडकलात, सोपा पर्याय नाही. तो आला तेव्हा यावर जगभर केवढी हमरीतुमरी झाली होती: सोपी पातळी हवी की नको, ज्यांचे हात तेवढ्या वेगाने चालत नाहीत त्यांनी काय करायचं. तो प्रश्न रास्त होता आणि आजही आहे.

इथे निओहकडे चांगलं उत्तर होतं, आणि लुटीच्या ढिगाऱ्याखाली ते झाकलं गेलं. निओहमध्ये ओनम्योची मंत्रविद्या आहे. त्यात एक ताईत आहे जो लावला की शत्रूची चाल काही काळ मंदावते. कट्टर खेळाडू याला रडीचा डाव म्हणतात, कारण काही मोठे बॉस त्याने अगदीच पाणी होतात. मला तो डाव रडीचा वाटत नाही. ताईत आधी शिकावा लागतो, तयार ठेवावा लागतो, योग्य वेळी लावावा लागतो. ही तयारी आहे, आणि तयारी हेही कौशल्यच. हात मंद असलेल्या, वय झालेल्या, नवख्या माणसाला खेळाने मानाने दिलेली ती वाट आहे. फाशांच्या तलवारीने जिंकणं आणि ताईत लावून जिंकणं यात माझ्या मते जमीन-अस्मानाचा फरक आहे. दुसऱ्यात डोकं तुमचं असतं.

बाकीचे दोष भराभर सांगतो. शत्रूंचे प्रकार फार थोडे. पहिल्या काही तासांत जे राक्षस भेटले तेच शेवटपर्यंत कपडे बदलून भेटत राहतात. बाजूच्या मोहिमा म्हणजे बऱ्याचदा जुनंच ठिकाण, उलटीकडून चाललेलं. आणि अवघडपणाचा चढ उलटा आहे: सगळ्यात कठीण सुरुवात, मग हळूहळू उतार. नवखा माणूस पहिल्या दोन रात्रींत सोडून जातो आणि टिकलेला माणूस पुढे आळसावतो. हे व्हायला नको होतं, कारण ही मंडळी ऐकून घेणारी होती. २०१६ मध्ये त्यांनी अर्धवट खेळ लोकांना फुकट खेळायला दिला. त्यात शस्त्रं झिजायची, मोडायची. लोकांनी तक्रार केली, अंतिम खेळातून ते काढून टाकलं. इतकं ऐकणाऱ्यांनी लुटीवर मात्र कात्री चालवली नाही. २०२० च्या दुसऱ्या भागात लढाई आणखी सुधारली, राक्षसांच्या शक्ती स्वतः वापरता येऊ लागल्या, आणि ढिगारा होता तिथेच राहिला.

कथेबद्दल माझी तक्रार वेगळी आहे. नायक विल्यम ॲडम्स. हा माणूस खरा होऊन गेला, इंग्लंडच्या केंट परगण्यातला. १५९८ मध्ये रॉटरडॅमहून पाच डच जहाजं निघाली, त्यातलं एकच १६०० च्या एप्रिलमध्ये जपानला पोचलं, त्यावर हा सुकाणूवाला. बरोबरचे बहुतेक लोक वाटेत मेलेले. पुढे तोकुगावा इएयासुने त्याला आपल्याजवळ ठेवून घेतलं, त्याच्याकडून पाश्चात्त्य पद्धतीची जहाजं बांधून घेतली, जमीन दिली, सामुराईचा दर्जा दिला, आणि बरीच वर्षं मायदेशी जाऊ दिलं नाही. १६२० मध्ये तो हिरादोला वारला. गेममध्ये याचा झालाय सोनेरी केसांचा तलवारबहाद्दर, जो आपला चोरीला गेलेला रक्षक आत्मा शोधत जपानला येतो. आता राक्षसांचा खेळ आहे, तिथे मी इतिहासाचं पुस्तक मागत नाही. पण खरा ॲडम्स ज्ञानाच्या जोरावर जगला. शत्रूच्या देशात, भाषा येत नसताना, आपल्याला काय येतं ते दाखवून. कौशल्याच्या खेळाला याहून चांगला नायक कुठे मिळणार होता? तो हाताशी असून वाया घालवला. सेकिगाहाराची लढाई येते, हात्तोरी हान्झो येतो, मेलेला ओदा नोबुनागा उठून बसतो, आणि कोण कोणाच्या बाजूने हे कळायच्या आत प्रसंग संपलेला असतो.

एक मात्र आवडलं. नोबुनागाच्या पदरी असलेला आफ्रिकन यासुके यात तगडा प्रतिस्पर्धी म्हणून येतो. हाही खरा माणूस. १५८१ मध्ये तो नोबुनागासमोर आला तो वालिन्यानो या जेझुइट पाद्र्याबरोबर, आणि हा वालिन्यानो त्याआधी १५७४ मध्ये गोव्यात येऊन पोचला होता. गोव्यातल्या मित्रांनो, तुमच्या बंदरातून केवढे धागे कुठे कुठे गेलेत बघा. तसाच खेळाच्या नावातही एक धागा आहे. निओ म्हणजे जपानी बौद्ध मंदिरांच्या दारावरचे दोन उग्र द्वारपाल, आणि त्यांचं मूळ वज्रपाणीत. अजिंठ्याच्या पहिल्या लेण्यात पद्मपाणीच्या जोडीला उभा असलेला, वज्रपाणी म्हणून ओळखला जाणारा, तोच. खेळात शक्तीच्या ज्या चमकत्या दगडांसाठी सगळी मारामारी चाललीय त्यांचं नाव तर सरळ 'अमृता' आहे. आमच्या घरात हे सांगितल्यावर पहिल्यांदा कोणीतरी स्क्रीनकडे वळून बघितलं.

तर, खेळायचा का? हो, खेळा. सेकंडहँड डिस्क मिळाली तर उत्तमच. सुरुवातीला भाला घ्या, अंतर राखून लढता येतं. मधल्या पवित्र्यात राहा, आणि पहिल्या मोहिमेत जिंकण्याच्या मागे न लागता फक्त दम सावरायचं बटण हातात बसवा. जडच चिलखत हवं असा हट्ट नको. हिरवी छोटी कोदामा भुतं लपलेली असतात, ती शोधून देवळीकडे पाठवत चला, औषधं जास्त मिळतात. लुटीच्या बाबतीत मी स्वतः एक नियम केलाय: मोहीम संपली की फक्त अंगावरचं आणि एक जादा शस्त्र ठेवायचं, बाकी न बघता सगळं देवळीत अर्पण. गिरणगावातला मित्र म्हणतो, एवढ्यात तू दोन जांभळ्या तलवारी घालवल्यास. घालवल्या असतील.